काळी-पिवळीने वाटेत रस्ता बदलला, तर भाडे किती द्यायचे आणि कोणाला?

राळेगाववाट

आपल्या विदर्भात काळी-पिवळीचे, म्हणजे स्टँडवर सवाऱ्या भरून निघणाऱ्या जीपचे, भाडे कुठेही लिहिलेले नसते, तरी ते सगळ्यांना ठाऊक असते. हिंगणघाटहून वडकीचे किती, वडकीहून राळेगावचे किती, मधल्या फाट्यावर उतरल्यास किती कमी, हे नेहमीच्या प्रवाशाला विचारावे लागत नाही आणि चालकालाही सांगावे लागत नाही. घोटाळा होतो तो गाडीने वाटेत बेत बदलल्यावर. तेव्हा किती द्यायचे, कोणाला द्यायचे आणि मुळात द्यायचे की नाही, यावर प्रत्येक गाडीत नव्याने वाद होतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने तो सुटतो. या बाबतीत काही रीत ठरवता येईल का, हे पाहण्यासाठी हा धागा काढत आहे.

माझ्यासमोर घडलेला प्रकार असा. कापूस वेचणीच्या दिवसांत हिंगणघाटला "राळेगाव, राळेगाव" अशी हाक देऊन भरलेली गाडी वडकीला पोहोचली, तेव्हा तिथे पांढरकवड्याच्या सवाऱ्यांची गर्दी होती. राळेगावकडे न वळता हमरस्त्याने सरळ पांढरकवड्याला जाणे चालकाला परवडणारे होते. त्याने राळेगावच्या आम्हा मंडळींना "मांगून गाडी येऊन रायली, तिच्यात बसा न बाप्पा" असे सांगून उतरवले, आणि भाडे मात्र राळेगावपर्यंतचे मागितले. मागच्या गाडीवाल्याशी आपले बोलणे झाले आहे, तो तुमच्याकडून काही घेणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. काहींनी पूर्ण पैसे दिले, काहींनी वडकीपर्यंतचेच दिले. मागची गाडी आली तेव्हा तिच्या चालकाला यातले काहीही ठाऊक नव्हते. ज्यांनी पूर्ण भाडे दिले होते त्यांना पुढचे भाडे पुन्हा द्यावे लागले.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. रस्ता बदलण्याची कारणे अनेक असतात. कधी पुढे जास्त सवाऱ्या दिसतात, कधी शेवटच्या गावचे दोघेच उरतात, कधी नाल्याला पूर आलेला असतो, तर कधी गाडीतलीच एखादी आजी "पोरा, जरा आत घे न, पाय चालत नाहीत" असे म्हणते आणि गाडी दोन किलोमीटर आत जाऊन येते. प्रत्येक कारणाला वेगळा न्याय लावू पाहिले की आपण अडकतो. मला कारणापेक्षा एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. बदल कुठे सांगितला? ज्या जागी प्रवाशाला नाही म्हणून उतरता येते, दुसरी गाडी किंवा एसटी मिळू शकते, अशा जागी सांगितलेला बदल आणि त्याचे वाढीव भाडे ही नवी बोली झाली. ती मान्य करा किंवा उतरा. परंतु जिथे पुढे गाडी नाही आणि मागेही नाही, अशा फाट्यावर थांबवून सांगितलेला बदल ही बोली नव्हेच, आणि अशा वेळी पहिल्या ठरलेल्या भाड्यापेक्षा एक रुपयाही जास्त देणे लागत नाही. इतरांचा अनुभव वाचायला आवडेल.

निवृत्तवाहक

एसटीत तिकीट फाडण्यात आयुष्य गेले, म्हणून त्या बाजूने लिहितो. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते, आणि प्रवाशाच्या हातात तिकीट असल्यामुळे कोठून कोठपर्यंतचे पैसे घेतले याचा पुरावा त्याच्याच खिशात राहतो. बस बंद पडली तर मागून येणाऱ्या बसमध्ये त्याच तिकिटावर प्रवाशांना बसवून देणे हे वाहकाचे काम असते, आणि दुसरा वाहक ते तिकीट पाहून गप्प बसतो. तुमच्या वडकीच्या प्रसंगात नेमकी हीच वस्तू नव्हती. पहिल्या चालकाने घेतलेल्या पैशाची खूण दुसऱ्या चालकाकडे पोहोचण्याचा काही मार्गच नव्हता.

म्हणून काळी-पिवळीत माझा नियम साधा आहे. तिकीट मिळत नसेल तर पैसे हेच तिकीट. ते गावात पाय ठेवीपर्यंत आपल्या हातात राहिले पाहिजेत. अर्ध्या वाटेत चहासाठी गाडी थांबवून किन्नर, म्हणजे चालकाचा मदतनीस, भाडे गोळा करायला लागला, तरी "उतरताना देतो" असे नम्रपणे सांगावे. बहुतेक जण वाद घालत नाहीत.

मालकचालक

आमच्या घरी दोन पिढ्या हाच धंदा आहे. आधी कमांडर जीप होती, आता मॅक्स आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून असे वाटते की चालक दिवसभर लोकांना फसवण्याचे बेत करीत बसतो. थोडा हिशेब मांडतो, मग ठरवा.

नंबर लागल्याशिवाय गाडी भरता येत नाही. सकाळी नंबर लावला की कधी दुपारी बारी येते. म्हणजे दिवसाला एखाद-दुसरी फेरी पदरात पडते, आणि तेवढ्यात डिझेल, हप्ता, विमा, पासिंग आणि चालकाची रोजी काढायची असते. एसटीने १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट केले, तेव्हापासून जिथे एसटी वेळेवर आहे तिथे आमच्या निम्म्या सवाऱ्या गेल्या. त्याबद्दल तक्रार नाही, सरकारची सवलत आहे, ती लोकांनी घ्यावी. परंतु आमच्याकडे उरल्या त्या एसटी न जाणाऱ्या वाटा आणि एसटी निघून गेल्यानंतरच्या वेळा.

आता शेवटच्या गावचे चार जण उरले, असे समजा. पुढचे गाव आठ किलोमीटर, रस्ता खडीचा. चौघांचे प्रत्येकी पंधरा रुपये धरले तर साठ रुपये होतात. जाऊन रिकामे परत यायचे म्हणजे सोळा किलोमीटर. जुनी गाडी लिटरला बाराच्या वर देत नाही, आणि डिझेल नव्वदच्या आसपास आहे. सव्वाशे रुपयांच्या जवळपास नुसते डिझेल जाते. साठ घेऊन सव्वाशे घालवायचे, आणि न गेल्यास फसवणूक केली म्हणून ऐकायचे. आमच्या जागी असता तर काय केले असते?

राळेगाववाट

हिशेब अगदी खरा आहे, आणि तो इतक्या स्पष्टपणे मांडल्याबद्दल आभार. परंतु त्यात एक गोष्ट सुटली आहे. त्या आठ किलोमीटरचा खर्च केवळ त्या चौघांच्या माथी मारता येत नाही. स्टँडवर त्याच गावाच्या नावाने हाक दिली, म्हणून ते चौघे इतरांआधी येऊन बसले, त्यांच्यामुळे गाडी लवकर भरली आणि मधल्या फाट्यांच्या सवाऱ्यांनाही त्याच गाडीत जागा मिळाली. ज्या गावाची हाक दिली त्या गावापर्यंत जाणे ही पूर्ण फेरीची बोली आहे, शेवटच्या तुकड्याची वेगळी नव्हे. शेवटचा तुकडा परवडत नसेल, तर हाक फाट्याची द्यावी. "फाट्यापर्यंत" असे स्टँडवरच म्हटले, तर कोणाचीही तक्रार राहणार नाही. ज्याला पुढे जायचे तो आपली सोय पाहील.

पुसदकर

फाट्याची हाक दिली तर गाडीत कोणी बसणार नाही, हे चालकाला ठाऊक असते. म्हणून तर गावाची देतात.

कायदेवाचक

वकिली करीत नाही, पण कायदा वाचण्याची आवड आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये या गाड्यांबद्दल जे लिहिले आहे आणि रस्त्यावर जे चालते, त्यांचा मेळ बसत नाही, आणि तो का बसत नाही हे कळले की भाड्याचे भांडणही थोडे उलगडते.

कलम २(२२) प्रमाणे चालकाला सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवासी नेणारी भाड्याची गाडी ही मॅक्सीकॅब होय. आपल्या बहुतेक काळ्या-पिवळ्या गाड्या यात मोडतात. मॅक्सीकॅबची गणना कलम २(७) मधल्या कंत्राटी वाहतुकीच्या गाड्यांत होते, आणि कंत्राटी वाहतुकीची मूळ कल्पना अशी की गाडी ठरवून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायची, वाटेत करारात नसलेले प्रवासी चढवायचे-उतरवायचे नाहीत. प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेऊन टप्प्याटप्प्याने सवाऱ्या नेणे हे कलम २(४०) मधल्या टप्पा वाहतुकीचे काम, म्हणजे आपल्याकडे एसटीचे. त्यामुळे वडकीला पांढरकवड्याच्या सवाऱ्या भरणे हे राळेगावच्या प्रवाशांशी केलेल्या बोलीच्या विरुद्ध तर आहेच, पण ते परवान्याच्या मूळ कल्पनेच्याही विरुद्ध जाते. अर्थात हे बोट दोन्ही बाजूंनी दाखवता येते, कारण वाटेतल्या फाट्यावर हात करून गाडीत चढणारे आपणही त्याच व्यवहारात सामील असतो.

भाड्यापुरते बोलायचे तर मला भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७० उपयोगी वाटते. समोरच्याने फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या कायदेशीर कामाचा लाभ आपण घेतला, तर त्याचा मोबदला आपण देणे लागतो, असे ते सांगते. तीस-चाळीस रुपयांसाठी कोणी न्यायालयात जाणार नाही आणि जाऊही नये. पण त्यातले तत्त्व गाडीतल्या वादाला पुरेसे आहे. वडकीपर्यंतचा लाभ मिळाला, तेवढे द्या. वडकीपुढचा लाभ मिळालाच नाही, त्याचे कसले भाडे? म्हणजे "त्याने बेत बदलला म्हणून मी काहीच देणार नाही" हेही चुकीचे, आणि "राळेगावची सीट होती म्हणून राळेगावचेच द्या" हेही चुकीचे.

राळेगाववाट

वडकीपर्यंतचे म्हणजे नेमके किती, यावरही वाद होतो. किलोमीटरच्या प्रमाणात काढायचे की वडकीचा जो नेहमीचा दर आहे तो द्यायचा? लांबच्या सवारीला भाडे थोडे सैल पडते, जवळच्या सवारीला घट्ट. समजा तीस किलोमीटरचे पन्नास रुपये आहेत आणि वीस किलोमीटरवर उतरवले. प्रमाणाने तेहतीस-चौतीस होतात, पण त्या फाट्याचा नेहमीचा दर चाळीस असतो. चालक चाळीस मागतो, प्रवासी तीस पुढे करतो.

निवृत्तवाहक

नेहमीचा दर हा त्या फाट्यावर स्वतःच्या इच्छेने उतरणाऱ्याचा असतो. इच्छेविरुद्ध उतरवलेल्या माणसाला तो लावू नये, प्रमाणाने घ्यावे, असे माझे मत आहे. सुट्या पैशांची अडचण असेल तर खालच्या पाचाच्या पटीत. तीस.

मालकचालक

तीस मान्य नाही, पस्तीस मान्य आहे. मात्र वडकीला पूर्ण भाडे मागणाऱ्या चालकाची बाजू मी घेत नाही. सवारी दुसऱ्या गाडीला द्यायची तर उरलेले भाडे रोख, त्याच वेळी, दुसऱ्या चालकाच्या हातात ठेवायचे, अशी आमच्या स्टँडची रीत आहे. "मी सांगतो" याला धंद्यात काही अर्थ नसतो. दुसरी गाडी आलेलीच नसेल, तर पुढचे भाडे मागण्याचा अधिकार पहिल्याला राहत नाही. दुसऱ्या चालकालाही पैसे मिळाल्याशिवाय सवारी घेण्याची सक्ती नाही, आणि यात त्याला दोष देता येत नाही.

उपकेंद्रताई

मी आरोग्य उपकेंद्रात काम करते आणि आठवड्यातून बऱ्याच वेळा याच गाड्यांनी येते-जाते. वरची चर्चा वाचताना एक गोष्ट सतत जाणवली. पैसे हातात ठेवा, प्रमाणाने द्या, पूर्ण देऊ नका, हे सगळे सल्ले दिवसाच्या उजेडात आणि चार माणसे सोबत असताना देण्यासारखे आहेत. दिवस बुडता बुडता गाडीत मी एकटीच उरले, चालक म्हणाला, "ताई, आत एवढ्यासाठी गाडी नेणं परवडत नाही, पन्नास रुपये वरतून द्या नाही तर फाट्यावर उतरा," तर मी पन्नास देते. कायदा माझ्या बाजूचा आहे की नाही, हे मी त्या वेळी पाहत नाही. राळेगाववाट यांनी बदल कुठे सांगितला याला महत्त्व दिले, ते मला म्हणूनच पटले. ओसाड फाट्यावर दिलेला होकार खरा नसतो.

यावर माझ्यापुरते जे करते ते सांगते. गाडीत बसतानाच, स्टँडवर, सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारते, "भाऊ, गाडी गावात जाते न? मी शेवटची आहे." त्याने हो म्हटले की ते आठ-दहा जणांनी ऐकलेले असते, आणि नंतर बोल फिरवणे त्याला जड जाते, कारण उद्या त्याच सवाऱ्या पुन्हा त्याच्या गाडीत बसणार असतात. मग आमच्या किंवा पुढच्या गावचे कोण आहे ते पाहून त्याच्या शेजारी बसते. शेवटची एसटी चुकणार नसेल तर काळी-पिवळीत बसतच नाही. निम्म्या तिकिटापेक्षा ती फाट्यावर सोडून देत नाही, हे मला जास्त मोलाचे वाटते.

मालकचालक यांना एक विचारायचे आहे. शेवटच्या सवारीला वाढीव भाडे सांगायचेच असेल, तर ते शेवटून दुसरी सवारी उतरण्याआधी का सांगता येत नाही?

मालकचालक

ताई, सांगता येते. आमच्या वडिलांची शिस्त हीच होती. लोकवस्ती असलेल्या शेवटच्या गावात गाडी थांबवून विचारायचे, पुढे नाही. बाई माणूस एकटी असेल, तर परवडो वा न परवडो, घरापर्यंत सोडायचे आणि ठरलेलेच घ्यायचे. आज रोजीवर गाडी चालवणाऱ्या सगळ्याच पोरांना ही शिस्त आहे, असे मी म्हणू शकत नाही. मालकाला संध्याकाळी ठरलेली रक्कम द्यायची असते आणि वरचे ते त्यांचे असते, म्हणून शेवटचे पन्नास त्यांना मोठे वाटतात.

मेळघाटमास्तर

आमच्याकडे गाडीने वाटेत बेत बदलावाच लागतो असे नाही, निघतानाच दोन वाटा असतात. परतवाड्याहून चिखलदऱ्याला धामणगाव गढीवरूनही जाता येते आणि घटांगवरूनही. "चिखलदरा" या हाकेवर बसलेल्या थेट प्रवाशाला कोणत्याही वाटेने गेले तरी भाडे एकच द्यायचे असते आणि ते योग्यच आहे, कारण वाट निवडणे हा चालकाचा प्रश्न आहे. पंचाईत होते मधल्या गावच्या माणसाची. तो "चिखलदऱ्याची गाडी" म्हणून बसतो, गाडी दुसऱ्याच वाटेला लागते, आणि त्याला ते कळेपर्यंत परतवाडा मागे पडलेले असते. अशा माणसाकडून उतरेल तिथपर्यंतचे भाडे मागणे मला तरी अन्यायाचे वाटते, कारण ती वाट त्याच्या काहीच उपयोगाची नाही, उलट त्याला परत यावे लागते. दुसरीकडे, कुठे उतरणार हे त्याने सांगितलेच नव्हते, असे चालक म्हणतो, आणि ते बहुधा खरे असते.

म्हणून आमच्या शाळेतल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना मी सांगतो की "कुठे जाते?" असे न विचारता "कुठून जाते?" असे विचारा, आणि आपल्या गावाचे नाव घेऊन विचारा. नाव घेऊन विचारले आणि चालकाने हो म्हटले, तर त्यानंतर चुकीच्या वाटेचा एक रुपयाही देऊ नये. न विचारता बसलो, तर निम्मे द्यावे आणि वाद मिटवावा.

राजुराकर

पुराचा मुद्दा राळेगाववाट यांनी ओझरता सांगितला, पण चंद्रपूर जिल्ह्यात आमच्यासाठी तो पावसाळ्याचा रोजचा प्रश्न असतो. वर्धा नदी चढली की राजुरा-बल्लारपूर मार्गावरचा पूल पाण्याखाली जातो, मग गाड्या भोयेगावच्या वाटेला लागतात, आणि पाणी आणखी वाढले तर तीही वाट बंद होते. जुलै २०२२ च्या पुरात वर्धा, यवतमाळ आणि चंद्रपूर या तिन्ही जिल्ह्यांनी काय सोसले ते इथल्या अनेकांना आठवत असेल. अशा वेळी चालकाने दुप्पट भाडे सांगितले की लोक नाइलाजाने देतात आणि नंतर शिव्या घालतात.

माझ्या मते इथे वाढीव भाडे घेणे अजिबात चुकीचे नाही. दुप्पट घेणे चुकीचे आहे. मालकचालक यांच्याच आकड्यांनी पाहू. वळसा तीस किलोमीटरचा पडला तर अडीच लिटर डिझेल जास्त लागते, म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या घरात. गाडीत दहा सवाऱ्या असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला बावीस-तेवीस रुपये येतात. वेळ जास्त गेला म्हणून तीस घ्या. पन्नासचे शंभर कशाचे? आणि राजुऱ्याच्या स्टँडवर, निघण्याआधी, पुलाची स्थिती विचारून सांगा. पूल बंद आहे हे स्टँडवर सगळ्यांना ठाऊक असते. पुलाजवळ नेऊन, पाणी दाखवून, मग भाडे वाढवणाऱ्याला ते ठाऊक नव्हते यावर माझा विश्वास बसत नाही.

भामरागडमार्ग

राजुराकर यांच्याकडे निदान दुसरी वाट आहे. आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव करीत भामरागडकडे येताना पर्लकोटा नदीला पूर असेल तर वळसा नावाची गोष्टच नसते. पाणी उतरेपर्यंत थांबायचे, नाही तर आल्या वाटेने परत. त्यामुळे आमच्याकडचा प्रश्न परतीच्या भाड्याचा असतो. गाडी पुढे जाऊ शकली नाही, आम्ही पोहोचलो नाही, पण चालकाने जाण्या-येण्याचे डिझेल जाळले. त्याने जाण्याचे पूर्ण आणि परतीचे पूर्ण असे मागितले तर प्रवाशाला दुप्पट पैसे देऊन जिथल्या तिथे यावे लागते. काहीच दिले नाही तर पुढच्या वेळी पावसात कोणी गाडी काढणार नाही, आणि तापाने फणफणलेले मूल घेऊन निघालेल्या माणसाला ती गाडी लागतेच.

माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा तडजोड अशी होते की जाण्याचे पूर्ण द्यायचे आणि परतीचे निम्मे. मला हे मान्य आहे. मात्र निघतानाच "पाणी असलं तर परतीचे निम्मे" असे बोलून घेतलेले बरे. नाही तर पाण्याच्या काठावर उभे राहून हा हिशेब करावा लागतो.

अचलपूरवासी

हल्ली बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावलेला असतो आणि बसल्या बसल्या पैसे मारायला सांगतात. निवृत्तवाहक यांचा "उतरताना द्या" हा नियम तिथे कसा पाळायचा? गावात नेटवर्क नसते, म्हणून स्टँडवरच मारा, असे चालक म्हणतो, आणि त्यात तथ्यही आहे.

निवृत्तवाहक

नेटवर्क नसेल तर रोख द्यावे. स्कॅनरवर बहुधा मालकाचे किंवा त्याच्या भावाचे नाव येते, चालकाचे नव्हे. वाटेत गाडी वळली आणि तुम्ही पैसे परत मागितले, तर "पैसे मालकाकडे गेले" असे उत्तर मिळते आणि ते खोटेही नसते. स्टँडवर पैसे मारायचेच असतील तर गाडीचा नंबर आणि गावाचे नाव टिपणीच्या जागी लिहावे. तेवढीच नोंद राहते, आणि उद्या परिवहन कार्यालयात तक्रार करायची झाली तर दाखवायला काहीतरी असते.

कायदेवाचक

एक मुद्दा राहिला होता, तो सवाऱ्या दुसऱ्या गाडीत कोंबण्याचा. मागची गाडी आधीच भरलेली असेल तर तिच्यात बसायला नकार द्यावा, आणि नकार दिला म्हणून पहिल्या चालकाला पूर्ण भाडेही देऊ नये. क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी नेल्यास कलम १९४(अ) प्रमाणे प्रत्येक जादा प्रवाशामागे दोनशे रुपये दंड आहे, पण तो चालकाचा प्रश्न झाला. आपला प्रश्न विम्याचा आहे. अपघात झाला तर विमा कंपनीची जबाबदारी परवान्यात मंजूर असलेल्या प्रवाशांच्या संख्येपुरतीच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये अंजना श्याम प्रकरणात म्हटले आहे. मंजूर संख्येइतक्या सर्वांत मोठ्या भरपायांची बेरीज कंपनीने भरायची आणि ती सगळ्या अपघातग्रस्तांत प्रमाणाने वाटायची. उरलेली रक्कम गाडीमालकाकडून वसूल करावी लागते. दहा जणांच्या गाडीत सतरावा म्हणून आपण बसलो, तर आपल्यासकट सगळ्यांचाच वाटा कमी होतो.

राळेगाववाट

चर्चेतून एक व्यवहार्य गोष्ट सुचली, ती मालकचालक यांच्यापुढे ठेवतो. एसटी स्थानकापासून दोनशे मीटरच्या आत खाजगी गाड्यांना मज्जाव असल्यामुळे आपल्या बहुतेक तालुक्यांत काळी-पिवळीचा थांबा एखाद्या हॉटेलासमोर किंवा पानठेल्यासमोर असतो. तिथे शेवटच्या गावाबरोबर मधल्या प्रत्येक फाट्याचा दर लिहिलेला फलक लावता येईल का? त्याखाली दोन ओळी असाव्यात. एक, गाडी फाट्यावरूनच परतणार असेल तर हाक फाट्याची दिली जाईल. दुसरी, सवारी दुसऱ्या गाडीला दिल्यास उरलेले भाडे पहिला चालक सवारीसमोर दुसऱ्याला देईल. दर किती असावेत हे तुम्हीच ठरवा, आमची त्यात ढवळाढवळ नाही.

मालकचालक

दर लिहिलेला फलक कोणी लावणार नाही, हे स्पष्ट सांगतो. वर कायदेवाचक यांनीच सांगितले आहे की टप्प्याटप्प्याने भाडे घेणे आमच्या परवान्यात बसत नाही. मग तेच भिंतीवर लिहून साहेबांना दाखवायचे का? सवारी देताना पैसे समोर द्यायचे, ही रीत आमच्या स्टँडवर आहेच, शेजारच्या स्टँडवरही चालू करण्याविषयी बोलता येईल. फाट्याची हाक देण्याचे मात्र एकट्या चालकाला जमणार नाही. एकाने फाट्याची हाक दिली आणि शेजारच्याने गावाची, तर सगळ्या सवाऱ्या शेजारच्याकडे जातील. नंबर लावणाऱ्या सगळ्यांनी एकाच दिवसापासून ठरवले तरच ते होईल, आणि पोळ्याच्या आधी, गाड्या भरून वाहतात त्या दिवसांत, हा विषय कोणी ऐकूनही घेणार नाही. पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची कर होऊन गेल्यावर मांडून पाहतो.

उपकेंद्रताई

मांडाल तेव्हा शेवटच्या सवारीला वस्तीच्या गावातच विचारायचे, हेही मांडा. त्याला फलक लागत नाही आणि परवान्याचीही आडकाठी येत नाही.

मालकचालक

मांडतो, ताई. परतीच्या निम्म्या भाड्याचे मात्र मांडणार नाही. पुराच्या पाण्यावरून गाडी परत आणली तर आमच्या स्टँडवर आजही पूर्ण घेतात, आणि मला त्यात गैर वाटत नाही.

भामरागडमार्ग

ते तुमच्याकडे चालते, कारण तुमच्याकडे दुसरी गाडी आहे. आमच्याकडे पूर्ण घेणाऱ्याच्या गाडीत पावसाळाभर लोक बसत नाहीत, दिवसभर थांबून एसटीने जातात.